कॅसेट सतरा, बाविसावे मिनिट

९ नोव्हेंबर २०२२, भुवनेश्वर

आज छाडखाई. कार्तिकभर बंद असलेली मासळी आज घरात आली आणि नेमकी त्याच वेळी संस्थेतली लिपिका जेना माझ्या कॅसेटी न्यायला दारात उभी राहिली. माझ्या बायकोने, बिनोदिनीने, तिला आधी जेवायला बसवले, मगच कॅसेटींचे नाव काढू दिले.

सेहेचाळीस कॅसेटी आणि एकोणीस वह्या. १९८१-८२ साली चिलिका सरोवराकाठच्या पांखीकुदा गावात मी अठरा महिने काढले, त्याची ही सगळी कमाई. जुन्या संशोधकांची मूळ सामग्री ऑनलाइन ठेवायची असे आमच्या संस्थेने ठरवले आहे, म्हणजे जगातल्या कुठल्याही समाजशास्त्रज्ञाला ती घरबसल्या ऐकता-वाचता येईल. दर महिन्याच्या एक तारखेला संस्था 'नवी साधने, नवे संशोधन' हे पत्रक देशोदेशीच्या अभ्यासकांना पाठवते. डिसेंबरच्या पत्रकात माझी नोंद येणार. मला निवृत्त होऊन दहा वर्षे झाली, त्यांना आता आठवण झाली. असो. कडवटपणा मला शोभत नाही.

प्रसंग ऐतिहासिक असल्यामुळे आजपासून रोजनिशी लिहायला घेतली आहे. पुढेमागे कुणाला माझ्यावरच संशोधन करावेसे वाटले तर त्याची सोय.

कपाट रिकामे झाल्याबरोबर बिनोदिनीने त्यात आंबटगोड लोणच्याच्या बरण्या मांडल्या. बरण्या आधीपासून भरून तयार होत्या.

१४ नोव्हेंबर

संस्थेत जाऊन आलो. लिपिका चौतीस वर्षांची, कामाला नेटकी, पण फार शंका काढते. ती बालुगावकडची असल्याने तिला चिलिकाची बोली कळते, हे तिच्या निवडीचे एक कारण होते. मला ती बोली शिकवावी लागली नाही एवढाच फायदा.

तिला माझ्या संशोधनाचे सार सांगितले. इथेही टिपून ठेवतो. पांखीकुदाच्या कोळ्यांत 'तुनी' नावाचा रिवाज आहे. तुनी म्हणजे गप्प. अमावास्येनंतरचे तीन दिवस सासरा आणि जावई एका नावेत असले तर एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. सगळे काम बांबूच्या ठोक्यांवर चालते. या मौनातूनच दोन घराणी एकमेकांना मान देतात, मौन हीच त्यांची देवाणघेवाण, हा माझा सिद्धांत. हा रिवाज माझ्याआधी कुणालाही आढळला नव्हता. आजूबाजूच्या एकाही गावात तो नाही, ही त्यातली विशेष गोष्ट.

सतराव्या कॅसेटमध्ये (क्रमांक विषयवार आहेत, तारखेने नाहीत) हाडिबंधु बेहेरा या कोळ्याने मला हे प्रथम सांगितले. माझा प्रश्न आणि त्याचे उत्तर यांच्यामध्ये सात सेकंदांची शांतता आहे. त्या सात सेकंदांवर मी पुस्तकात दोन पाने लिहिली आहेत.

लिपिकाकडे आवाज स्वच्छ करण्याचे नवे तंत्र आले आहे. मी तिला सांगितले की मागचा गोंगाट तेवढा काढून टाक: भांडी आपटणे, कोंबड्या, बायकांचे खोकणे. घरात चुलीचा धूर फार असे.

"सार, हे खोकणं आहे?" तिने विचारले. 'सर'चा उच्चार ती तसा करते.

मी म्हणालो, मग काय आहे? ती म्हणाली की ती दोन्ही प्रती ठेवील, मूळ आणि स्वच्छ. मग म्हणाली, सार, सतरावी एकदा तुम्ही स्वतः कानाला लावून ऐकाल का. मी म्हटले, बाई, ती मला तोंडपाठ आहे.

२० नोव्हेंबर

आता संमतीपत्र हवे म्हणतात. ज्यांचे आवाज आहेत त्यांना किंवा त्यांच्या वारसांना विचारल्याशिवाय काही ऑनलाइन जाणार नाही. आमच्या वेळी असले काही नव्हते. आम्ही माणसांच्या ओसरीवर जाऊन बसत असू, आणि ती बोलत.

हाडिबंधु आठ वर्षांपूर्वी वारला, हे मला आज कळले. त्याची मुलगी कुंतला गावातच असते. फोन लावला.

"कोण, वहीबाबू?" ती म्हणाली. "अजून आहात होय."

गावाने मला वहीबाबू हे नाव आदराने दिले होते. मी तिला काय काय होणार ते समजावले. तिने एकच विचारले, सगळं ऐकू येणार का. मी अभिमानाने सांगितले की नव्या तंत्राने डास गुणगुणलेलासुद्धा ऐकू येतो. त्यावर फोनवर हुंदक्यासारखे काहीतरी आले. वडिलांचा आवाज पुन्हा ऐकायला मिळणार म्हणून तिला भरून आले असावे. संमती दिली. बाकीच्या घरांची संमतीही दोन दिवसांत मीच गोळा करून देते म्हणाली. असे सहकार्य हल्ली मिळत नाही.

१ डिसेंबर

पत्रक आले. पहिली नोंद जनगणनेच्या जुन्या नकाशांची. दुसरी, लोक दिवसातला किती वेळ कशात घालवतात याच्या पाहणीची. तिसरी माझी. नकाशे महत्त्वाचे आहेत हे मान्य, पण लोक वेळ कसा घालवतात हे सांगायला पाहणी कशाला हवी.

संध्याकाळपर्यंत माझा संग्रह अकरा वेळा उघडला गेला. त्यातल्या सहा वेळा मीच होतो.

मार्गशीर्षातला गुरुवार म्हणून बिनोदिनीने पहाटे उठून उंबऱ्यापर्यंत तांदळाच्या पिठाची पावले काढली. दिवसभर तिच्या कानात त्या वायरी होत्या. एकदा ती भाजी चिरता चिरता इतकी हसली की विळी बाजूला ठेवावी लागली. मालिका पाहायची सोडून हल्ली ती मालिका ऐकते असे दिसते.

७ डिसेंबर

एका आठवड्यात आठशे चाळीस.

मी लिपिकाला फोन करून आकडा बरोबर आहे का विचारले. बरोबर आहे. त्यातले सातशेच्या वर पांखीकुदा आणि आसपासचे. कोळी नावेत फोन लावून ऐकतात म्हणे. समाजशास्त्र लोकांपर्यंत पोचत नाही अशी ओरड करणाऱ्या महापात्राला हा आकडा मुद्दाम कळवला. महापात्र आणि मी एकाच वर्षी संस्थेत लागलो. माझे काही चांगले झाले की त्याचे पोट बिघडते.

खाली लोकांनी अभिप्राय लिहिले आहेत. बहुतेक तरुण पोरांचे. "सतरा नंबर, बाविसावं मिनिट." "बाविसावं मिनिट पाच वेळा ऐकलं." "कुंतला मावशी, तुला मानलं." माझ्या सिद्धांताचा गाभा नेमका तिथे आहे हे त्यांनी आपले आपण ओळखले याचे मला नवल वाटले. प्रत्येकाला सविस्तर उत्तर लिहिले, पुस्तकातल्या पानांच्या क्रमांकांसह.

९ डिसेंबर

दुपारच्या जेवणानंतर बिनोदिनीने एक वायर माझ्या कानात घातली, एक स्वतःच्या, आणि म्हणाली, "अहो, बसा जरा. ऐका, आणि मधे बोलू नका."

सतरावी, बाविसावे मिनिट. स्वच्छ केलेली प्रत. जे ऐकले ते जसेच्या तसे लिहितो. सवय आहे.

माझा आवाज, तरुण आणि (आज जाणवले) जरा चढा: सासरा-जावई एका नावेत असूनही तुम्ही बोलत नाही. का बरे?

सात सेकंद.

हाडिबंधु: तसा रिवाजच आहे आमच्यात. अमावास्येनंतर तीन दिवस.

मागून त्याची बायको: आमच्यात? कधीपासून?

कुंतला: आत्तापासून, आई.

बायको: जावयाशी भांडलोय म्हणून सांगायला तोंड नाही, आणि रिवाज सांगतोय.

कुंतला: हळू. बाबू लिहितोय.

बायको: लिहू दे. परवापासून अख्ख्या गावाला तोंड मिटून नाव हाकायला लागतेय की नाही बघ.

आणि मग मी एक्केचाळीस वर्षे ज्याला खोकला म्हणत आलो ते.

बिनोदिनी म्हणाली, "लिपिका तीन आठवडे तुम्हाला सांगायचा प्रयत्न करतेय."

मी म्हणालो, एका कॅसेटवरून काही सिद्ध होत नाही. ती म्हणाली, "एकोणिसावी ऐका. चोविसावी ऐका. तेहेतिसावीत तर तुम्ही पाणी प्यायला काठावर उतरता आणि सगळी नाव एकदम बोलायला लागते." तिने सेहेचाळीसच्या सेहेचाळीस ऐकल्या आहेत. मी स्वतः सलग कधी ऐकल्या नाहीत.

१० डिसेंबर

जेवलो नाही. दुपारी थोडे जेवलो.

१२ डिसेंबर

संस्थेत गेलो. लिपिकाला म्हटले की सतराव्या कॅसेटच्या स्वच्छ प्रतीत काही तांत्रिक दोष आहेत, ती काढून मूळचीच ठेवावी. तिने वाद घातला नाही. काढून टाकण्याचा अर्ज पुढे केला आणि पेन दिले. अर्जात कारणापुढे खूण करायची असते. बोलणाऱ्याची खासगी बाब. वारसांची हरकत. हक्काचा प्रश्न. आवाज ऐकू न येणे. चारही वाचले. संशोधकाची फजिती हे कारण त्यांनी छापलेले नाही.

"सार, 'इतर' आहे शेवटी," ती म्हणाली. ती हसत नव्हती, हे तिच्या बाजूने नोंदवतो.

'इतर'वर खूण करून पुढची ओळ कोरी ठेवली. तेवढ्यात संचालक रथांनी आत बोलावले. त्यांनाही कुणीतरी ऐकवले होते. त्यांनी दार लावून घेतले. पाच जानेवारीला परिसंवाद आहे, विषय तुनी, प्रमुख पाहुणे दिल्लीहून येणार, त्यांचे भाषणही तयार आहे. फिनलंडची एक संशोधिका याच रिवाजावर तीन वर्षे काम करायला येणार आहे, तिच्या विद्यापीठाशी संस्थेचा करार व्हायचा आहे. रथ म्हणाले की तुम्ही अर्ज भरा, मी सही करतो, सात-आठशे कोळी पोरांनी ऐकले म्हणून काही बिघडत नाही, ते काही शोधनिबंध लिहिणार नाहीत. मी सोमवारी कळवतो म्हणालो.

परत येताना वाटले, रथांचे बोलणे मला पटायला हवे होते. ते माझ्याच सोयीचे होते.

१६ डिसेंबर, पांखीकुदा

बिनोदिनी म्हणाली, त्या बाईला जाऊन विचारा. मी म्हणालो, एकटा जातो, तिथे सोयी नाहीत. ती म्हणाली, "लग्न झाल्या झाल्या दीड वर्ष मी तुमच्या आईबरोबर बरहमपूरला दार बघत काढलं. ते गाव मला बघायचंय." बायकांना प्रवासाची हौस असतेच.

बालुगावला बसमधून उतरून नावेने आलो. कुंतला आता बासष्टची. दारातच म्हणाली, "वाळलात की हो वहीबाबू." बिनोदिनीकडे बघून म्हणाली, "ह्यांना लग्न झालेलं होतं? आम्हाला कधी बोललेच नाहीत." मी म्हणालो की कुणी विचारले नव्हते. त्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि तेव्हापासून त्यांचे जमले आहे.

खेकडे केले होते. जेवल्यावर मी मुद्द्यावर आलो. मी रागावलेलो होतो, आणि तसे म्हणालोही. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला फसवलेत.

कुंतलाने शांतपणे सांगितले. तिच्या लग्नात तिचे वडील आणि नवरा अंतर्यामी यांच्यात काहीतरी झाले. तेव्हापासून दोघे बोलत नव्हते. अंतर्यामी सुरतेच्या गिरणीत जायला निघाला होता, बोचके बांधून तयार होते. त्याच आठवड्यात मी वही घेऊन गावात उतरलो आणि पहिल्याच दिवशी नेमके ते विचारले. घरातली भांडणे परक्यापुढे कशी मांडायची, म्हणून बाप रिवाज म्हणाला. बापाने शब्द दिला म्हटल्यावर गावाने तो राखला.

"आम्हाला वाटलं, दोन दिवस राहाल नि जाल," ती म्हणाली. "तुम्ही दीड वर्ष राहिलात. दर अमावास्येला सगळ्या गावाचे जावई मुके. बनमाळीचा जावई दुसऱ्या गावचा, त्याला तर कुणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा चार महिने समजत होता की सासरा चिडलाय."

मी विचारले, मग पुढे?

"पुढे काय. तुम्ही नावेत बसून बघणार म्हणून ह्या दोघांना एका नावेत बसावं लागायचं. नाहीतर ह्यांनी केव्हाच नाव बदलली असती. बोलायचं नाही, पण जाळं तर ओढायचं. ठोके कुठले, किती, हे ठरवायला आधी चुलीपाशी बसून दोघांना बोलावं लागलं. एक दिवस बघितलं तर ठोक्यांवरून भांडत होते. म्हटलं, चला, भांडले तरी. सुरतेचं बोचकं मी त्याच दिवशी सोडलं."

मी म्हणालो की हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलेस. ती म्हणाली, "दीड वर्षात तुम्ही मला एकच गोष्ट विचारलीत. पाणी मिळेल का."

ते खरे नसावे असे वाटून मी मनात एकोणीस वह्या चाळून पाहिल्या.

लग्नात काय झाले होते, हे विचारले. "ते ह्यांना विचारा," ती म्हणाली. "एक्केचाळीस वर्षं मी विचारतेय." अंतर्यामी कोपऱ्यात बसून बिडी ओढत होता. तो उठून नावेकडे गेला.

निघताना कुंतलाने आणखी एक सांगितले. गावातल्या निम्म्या नावा अजून तुनी पाळतात. तिचा स्वतःचा जावईही पाळतो. महिन्यातले तीन दिवस सासऱ्याचे बोलणे ऐकावे लागत नाही, म्हणून पोरांना तो रिवाज आवडतो. म्हणजे आता रिवाज आहे की नाही? मी अभ्यासक आहे आणि मला सांगता येत नाही.

१९ डिसेंबर

अर्ज फाडला. लिपिकाला तसे कळवले. रथांना कळवायचे धाडस दुपारी झाले. ते एवढेच म्हणाले की तुमची कीर्ती, तुमची मर्जी, पण फिनलंडला पत्र तुम्हीच लिहा.

मग दुरुस्तीची टीप लिहायला बसलो. पहिला खर्डा अकरा पाने झाला. त्यात असे दाखवले होते की मी फसलो नसून संशोधक आणि समाज यांनी मिळून एका सामाजिक वास्तवाची निर्मिती केली. बिनोदिनीने वाचले आणि विचारले, "म्हणजे चूक कुणाची?" दुसरा खर्डा चार पाने. तिसरा असा:

'पांखीकुदा येथील तुनी हा जुना रिवाज आहे असे मी माझ्या पुस्तकात लिहिले. ते चूक आहे. तो माझ्यासमोर आणि माझ्यामुळे सुरू झाला. कॅसेट सतरा, बाविसावे मिनिट ऐकावे. मी त्या वेळी ऐकले नाही.'

शेवटचे वाक्य खोडले होते. पुन्हा घातले.

फिनलंडलाही तेच पाठवले.

५ जानेवारी २०२३

परिसंवाद. मी उठून ती टीप वाचली आणि बाविसावे मिनिट सभागृहात ऐकवले. हाडिबंधुच्या बायकोचा आवाज त्या मोठ्या पेट्यांतून आला तेव्हा मागच्या रांगांतली पोरे हसली. पुढच्या रांगा आधी रथांकडे पाहत होत्या. रथ छताकडे पाहत होते. मग पुढच्या रांगाही हसल्या. मी बोललो दहाच मिनिटे.

दिल्लीचे पाहुणे त्यानंतर उठले आणि आधीच लिहून आणलेले भाषण त्यांनी शेवटपर्यंत वाचले. मौन हीच देवाणघेवाण. मी टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी महापात्र जवळ आला. मी तयारच होतो. तो म्हणाला, "धरणी, चाळीस वर्षांत तुझं पहिलंच वाक्य मला पटलं. कुठलं ते विचारू नकोस." आणि खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. त्याचा चहा थंड झाला. त्याच्याबद्दल मी या रोजनिशीत आधी जे लिहिले आहे ते खोडणार नाही, पण हेही लिहून ठेवतो.

फिनलंडच्या बाईचे उत्तर आले. तिला वाईट वाटेल म्हणून मी उघडायला घाबरत होतो. ती लिहिते की आता विषय पूर्वीपेक्षा फारच चांगला झाला, आणि मी एप्रिलमध्ये येते. करारही होणार. रथांनी मला नमस्कार केला. जरा लांबून.

१२ जानेवारी

दुरुस्तीच्या टिपेखाली लोकांनी लग्नातल्या भांडणाची कारणे लिहायला सुरुवात केली आहे. आजपर्यंत एकवीस. जावयाला जेवणात कोंबड्याची मान वाढली. जावई म्हणाला की सासऱ्याचे जाळे सैल आहे. वरातीची नाव चुकीच्या काठाला लावली. सासरा जावयाचे नाव विसरला. प्रत्येकजण आपल्या आजोबांनी प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगतो. मी एक तक्ता करायला घेतला होता. बिनोदिनीने माझ्या हातातली पट्टी काढून घेतली आणि तिच्या शिवणाच्या डब्यात ठेवली.

२१ जानेवारी

बिनोदिनी आणि लिपिकाचे परस्पर काहीतरी ठरले आहे. कुंतलाचे आणि गावातल्या आणखी पाच बायकांचे बोलणे नव्याने रेकॉर्ड करायचे. प्रश्न बिनोदिनी विचारणार. मी तिला मुलाखतीचे तंत्र समजावून सांगायला बसलो: प्रश्न उघडा ठेवावा, सुचवू नये, घाई करू नये. ती म्हणाली, "चाळीस वर्षं तुमच्याकडून गोष्टी काढून घेतेय, तेवढं जमतं मला."

संग्रहाच्या नोंदीत संशोधक म्हणून तिचे नाव येणार आहे. बिनोदिनी पाणिग्राही, मॅट्रिक. लिपिकाने शिक्षण लिहायला रकानाच ठेवलेला नाही, पण मी विचारले म्हणून सांगितले. फॉर्म भरताना तिने आपल्या नावावरून पेन पुन्हा एकदा फिरवले. मी म्हणालो की पेनात शाई कमी असेल. ती हो म्हणाली.

२ फेब्रुवारी, पांखीकुदा

सकाळपासून आत रेकॉर्डिंग चालू आहे. मला आत जागा नाही. कुंतला म्हणाली, तुम्ही असलात की आम्ही रिवाज सांगत बसू.

बाहेर काठावर अंतर्यामी जाळे विणत बसला होता. त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्याने चहा मागवला. मी काही विचारले नाही. वही पिशवीत होती आणि पिशवी आत बिनोदिनीजवळ. ती नाही हे आधी चुकल्यासारखे वाटले, मग विसरलो. बगळे होते, ऊन पाठीवर चांगले लागत होते, आणि तो गाठीमागून गाठ मारत होता. अर्धा तास तरी तसाच गेला असेल.

मग तो आपणहून म्हणाला, "बाबू, ते लोक लिहितात ना, कोंबड्याचं, जाळ्याचं. त्यातलं काही नव्हतं."

आणि त्याने सांगितले. एकच वाक्य होते, अकरा माणसांसमोर, जेवणाच्या पंगतीत म्हटलेले. एकोणतिसाव्या वर्षी मी ते ऐकले असते तर हसलो असतो आणि इतक्याशा गोष्टीवर कुणी महिनोन्महिने रुसते का, असे वहीत लिहिले असते. सांगताना त्याचा हात जाळ्यात थांबला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण ते वाक्य त्याला कालचे असल्यासारखे पाठ होते.

"म्हातारा नंतर बरा वागला," तो म्हणाला. "फार बरा वागला. शेवटी शेवटी मीच त्याला उचलून नावेत ठेवायचो. पण त्या वाक्याबद्दल तो कधी बोलला नाही, आणि मी विचारलं नाही."

नंतर त्याने माझ्या हाताकडे बघितले. "हे तिकडे चढवणार?"

"नाही."

"वहीत?"

"नाही."

"कुंतलालासुद्धा मी सांगितलेलं नाही. तिचा बाप होता." एवढे बोलून त्याने पुन्हा विणायला घेतले, आणि मी दोऱ्याचे रीळ धरून बसलो, कारण त्याने ते माझ्या हातात दिले होते.

परतीच्या नावेत बिनोदिनीने विचारले की तुम्ही दोघे इतका वेळ काय बोलत होता. मी म्हणालो, जाळ्याविषयी. तिचा विश्वास बसला नाही, आणि तिने पुन्हा विचारले नाही.

हाडिबंधुने त्या दिवशी पंगतीत जावयाला काय म्हटले ते आता मला माहीत आहे. ते मी इथेही लिहीत नाही.